एआयचे प्राध्यापक आणि त्यांचा पगार : सत्तर वर्षांची पार्श्वभूमी

डिसेंबर 2012. अमेरिकेतल्या टाहो सरोवराच्या काठी न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे मेंदूच्या धर्तीवर जोडलेल्या आणि उदाहरणांतून शिकणाऱ्या जाळ्यांवर, काम करणाऱ्यांची वार्षिक परिषद भरली होती. तिथल्याच एका हॉटेलच्या खोलीत टोरांटो विद्यापीठाचे प्राध्यापक जेफ्री हिंटन लॅपटॉपसमोर उभे होते. उभे, कारण पाठीच्या दुखण्यामुळे 2005 पासून त्यांनी बसणेच सोडले होते. ईमेलवर एका कंपनीचा लिलाव चालू होता. कंपनी जेमतेम काही महिन्यांची. तिच्याकडे विकायला माल नव्हता, गिऱ्हाईक नव्हते. होती ती तीन माणसे : हिंटन आणि त्यांचे दोन विद्यार्थी, अ‍ॅलेक्स क्रिझेव्स्की आणि इल्या सुट्स्केव्हर. बोली किमान 10 लाख डॉलरने वाढवायची आणि तासाभरात कोणी पुढे गेले नाही तर लिलाव संपला, असा नियम. आकडा 4 कोटी 40 लाख डॉलरवर गेला तेव्हा हिंटन यांनी स्वतःच तो थांबवला, कारण त्यांना गूगलमध्ये जायचे होते. पैशांचे तीन सारखे वाटे करू, असे त्यांनी सुचवले होते. विद्यार्थी विचार करून परत आले आणि म्हणाले, सरांना 40 टक्के, आम्हाला तीस-तीस.

विद्यापीठातून कंपन्यांकडे लागलेल्या आजच्या रांगेची चर्चा बहुतेक वेळा या लिलावापासून सुरू होते. अमेरिका आणि कॅनडात 2011 साली एआयमध्ये पीएचडी करणाऱ्यांपैकी साधारण 41 टक्के उद्योगांत आणि जवळजवळ तितकेच विद्यापीठांत जात होते. 2022 मध्ये उद्योगांत जाणारे 70 टक्क्यांच्या वर गेले आणि विद्यापीठांत जाणारे 20 टक्क्यांवर आले. या आकड्यांमागे पैशांची ओढ आहेच. पण तेवढेच कारण धरले तर एक प्रश्न अनुत्तरित राहतो : न्यूरल नेटवर्कच्या ज्या कल्पनेसाठी 2012 मध्ये कोट्यवधी डॉलर मोजले गेले, ती आधीची चाळीस वर्षे कोणाच्या पगारावर जगली?

सुरुवात फारच थोड्या पैशांत झाली. 1955 मध्ये डार्टमथ कॉलेजात गणित शिकवणारे तरुण सहायक प्राध्यापक जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी रॉकफेलर फाउंडेशनकडे उन्हाळी अभ्यासवर्गासाठी 13,500 डॉलर मागितले. मिळाले 7,500. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे नाव त्या अर्जामुळे रूढ झाले. पुढच्या सात-आठ वर्षांत चित्र पालटले. सोव्हिएत रशियाच्या स्पुटनिकनंतर अमेरिकी संरक्षण खात्याने ‘आर्पा’ ही संस्था काढली आणि 1963 मध्ये एकट्या एमआयटीला 22 लाख डॉलर दिले. त्यातला एक भाग मार्विन मिन्स्की यांच्या एआय गटाकडे गेला. स्टॅनफर्ड आणि कार्नेगी यांनाही असाच हात मिळाला. प्रकल्पाचे तपशील फारसे न विचारता माणूस पाहून पैसे देण्याची ती पद्धत होती. एका पिढीची प्राध्यापकी तिच्यावर उभी राहिली. मात्र देणारा एकच असला की त्याचा कल बदलताच सगळ्यांचे दिवस बदलतात, आणि 1970 च्या दशकात तसेच झाले.

त्याच काळात आपल्याकडे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) आर. नरसिंहन होते. इंडियाना विद्यापीठातून गणितात पीएचडी करून ते 1954 मध्ये टीआयएफआरला आले. देशातला पहिला मोठा स्वदेशी संगणक टिफ्रॅक त्यांच्या गटाने 1960 मध्ये पूर्ण केला. नंतर ते इलिनॉय विद्यापीठात गेले आणि बबल चेंबर या भौतिकशास्त्राच्या उपकरणात सूक्ष्म कणांच्या उमटणाऱ्या रेघोट्यांचे फोटो यंत्राला ‘वाचायला’ कसे शिकवायचे यावर त्यांनी काम केले. चित्राचे व्याकरण लिहिता येईल, वाक्याचे लिहितो तसेच, ही त्यांची कल्पना जगभरात वाचली गेली. आणि ते मुंबईला परत आले. परतल्यावर बसायला खुर्ची होती, ही गोष्ट मला त्यांच्या कामाइतकीच महत्त्वाची वाटते. आंध्रच्या चित्तूर जिल्ह्यातल्या काटूर गावचे राज रेड्डी मद्रास, सिडनी करत स्टॅनफर्डला पोचले, मॅकार्थींच्या हाताखाली 1966 मध्ये पीएचडी झाले आणि 1969 मध्ये कार्नेगी मेलनला गेले ते तिथलेच झाले. यंत्राला बोलणे कळावे यासाठी त्यांनी उभारलेल्या कामाला मोठा आधार संरक्षण खात्याच्या पैशांचा होता. संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार 1994 साठी त्यांना एडवर्ड फायगेनबाउम यांच्यासोबत मिळाला.

आता ब्रिटनकडे वळू, कारण हिंटन यांची गोष्ट तिथे अडते. 1972 मध्ये ते एडिंबरोला पीएचडीला लागले. त्याआधी केंब्रिजहून मानसशास्त्राची पदवी घेऊन त्यांनी काही काळ सुतारकाम केले होते. (त्यांचे मधले नाव एव्हरेस्ट. तर्काला बीजगणितात बसवणारे जॉर्ज बूल हे त्यांचे खापरपणजोबा, आणि बूल यांच्या पत्नी भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी.) मेंदूतल्या पेशींसारख्या जोडण्यांतून यंत्र शिकेल, असे हिंटन यांना वाटत होते. पण 1969 मध्ये मिन्स्की आणि सीमूर पॅपर्ट यांनी अशा साध्या जाळ्यांच्या मर्यादा गणिताने दाखवून दिल्या होत्या. या मार्गाचा आद्य प्रवर्तक, कॉर्नेलचा फ्रँक रोझेनब्लाट, 1971 मध्ये आपल्या 43 व्या वाढदिवशी होडीच्या अपघातात गेला. हिंटन यांचे गाइड क्रिस्टोफर लाँगेट-हिगिन्स यांनी स्वतःच हा विषय सोडून चिन्हांची आणि नियमांची वाट धरली होती. त्यामुळे गुरू-शिष्यांत सतत वाद होत. आणखी सहा महिने द्या, असे शिष्य म्हणे, आणि गाइड देत. पटत नसतानाही त्यांनी आपल्या विद्यार्थ्याला वाऱ्यावर सोडले नाही. या सगळ्या इतिहासात मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

अशात 1973 मध्ये सर जेम्स लाइटहिल यांचा अहवाल आला. लाइटहिल हे द्रवगतिकीतले मोठे गणिती. ब्रिटनच्या विज्ञान संशोधन परिषदेने त्यांना, म्हणजे बाहेरच्या माणसाला, एआयचा आढावा घ्यायला सांगितले होते. वचने मोठी आणि हाती फारसे काही नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये यावर जाहीर वाद झाला आणि तो टीव्हीवर दाखवला गेला. एका बाजूला लाइटहिल, समोर एडिंबरोचे डोनाल्ड मिची, स्टॅनफर्डहून आलेले मॅकार्थी आणि ब्रिस्टलचे रिचर्ड ग्रेगरी. मिची यांच्या प्रयोगशाळेत फ्रेडी नावाचा यंत्रमानव होता. टेबलावर ओतलेल्या सुट्या लाकडी भागांच्या ढिगातून एकेक भाग ओळखून, उचलून तो खेळण्यातली मोटार जोडत असे. आज ते चित्रण पाहताना यंत्राचा तो पंजा ठोकळ्याच्या कडेवर चाचपडत नेमकी पकड घेतो तेव्हा आपण श्वास रोखतो. पण अहवाल टिकला, अनुदान आटले. मोजकी दोन-तीन विद्यापीठे सोडली तर ब्रिटनमध्ये या विषयाला जागाच उरली नाही.

हिंटन यांना मायदेशात हवी तशी नोकरी मिळेना. ते कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला गेले. तिथे डेव्हिड रुमेलहार्ट यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ याच जाळ्यांचा विचार करत होते. म्हणजे संगणकशास्त्राने दार लावले तेव्हा मानसशास्त्र विभागाने ते उघडले. एआयच्या इतिहासात हे पुन्हापुन्हा घडलेले दिसते. 1982 मध्ये हिंटन पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनला आले. रुमेलहार्ट आणि रोनाल्ड विल्यम्स यांच्यासोबतचा त्यांचा शोधनिबंध 1986 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. उत्तरातली चूक थराथराने मागे नेत जोडण्या दुरुस्त कशा करायच्या, हे त्यात दाखवले होते. कल्पनेचे धागे इतरांकडेही होते, पण जगाने ती घेतली या निबंधापासून.

यश मिळत असताना 1987 मध्ये ते अमेरिका सोडून गेले. रेगन यांचा काळ होता, एआयचे बरेचसे पैसे लष्कराकडून येत आणि त्यांना ते नको होते. टोरांटोने नोकरी दिली आणि ‘कॅनेडियन इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड रिसर्च’ने, म्हणजे सिफारने, पाठबळ. 1982 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा पहिलाच कार्यक्रम एआय आणि रोबोटिक्सवर होता. निवडक प्राध्यापकांना शिकवण्याच्या ओझ्यातून मोकळे करून संशोधनाला वेळ मिळवून द्यायचा, ही तिची रीत. कोणाला यात भव्य काही दिसणार नाही. पण प्राध्यापकाला सर्वांत दुर्मीळ काय असते, हे त्या संस्थेला नेमके कळले होते.

कंपन्यांनी काहीच केले नाही असे मात्र नाही. हिंटन यांच्याकडे वर्षभर राहिलेले यान लकून 1988 मध्ये न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जला गेले. हाताने लिहिलेले आकडे वाचणारे त्यांचे जाळे पुढे बँकांत चेक वाचू लागले, आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या दहा टक्क्यांहून जास्त चेकवर त्याची नजर पडत होती. मग 1996 मध्ये मूळ कंपनी एटी अँड टीचे तुकडे झाले आणि तो गट विखुरला. काम उत्तम चालले होते, तरी गट मोडला. लकून 2003 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात प्राध्यापक झाले. योशुआ बेंजिओ 1993 पासून माँट्रियल विद्यापीठातच होते.

2004 मध्ये हिंटन यांच्या नेतृत्वाखाली सिफारने नवा कार्यक्रम सुरू केला आणि या तिघांना नियमित भेटायला निमित्त मिळाले. न्यूरल नेटवर्क हा शब्द निबंधाच्या शीर्षकात असला तर तो नाकारला जाण्याची धास्ती असायची, असे ते दिवस होते. 2007 मध्ये वार्षिक परिषदेने ‘डीप लर्निंग’ची, म्हणजे अनेक थरांच्या न्यूरल नेटवर्कची, कार्यशाळा घ्यायला नकार दिला. तेव्हा सिफारच्या पैशांतून वेगळी बैठक भरवली गेली आणि लोकांना बसने तिथे नेले गेले.

त्याच सुमारास प्रिन्स्टनमध्ये फेई-फेई ली नव्याने सहायक प्राध्यापक झाल्या होत्या. अमेरिकेत अशा माणसाला पाच-सहा वर्षांत स्वतःला सिद्ध करून कायम व्हावे लागते. अशा वेळी छोटे, छापून येणारे निबंध लिहायचे सोडून त्या जगातल्या वस्तूंच्या लाखो फोटोंना नावे लावण्याच्या कामाला लागल्या. कायम होईपर्यंत असले काही करू नका, असे त्यांना सांगितले गेले. त्यांनी ऐकले नाही. फोटोंचा हा संग्रह, इमेजनेट, 2009 मध्ये जाहीर झाला. त्याच फोटोंच्या 2012 च्या स्पर्धेत क्रिझेव्स्की यांनी आईवडिलांच्या घरातल्या आपल्या खोलीत, व्हिडिओ गेमसाठी बनवलेल्या दोन ग्राफिक कार्डांवर, एक जाळे शिकवले. फोटो ओळखण्यात दुसऱ्या क्रमांकाची चूक 26.2 टक्के, यांची 15.3. टाहोच्या हॉटेलातला लिलाव झाला तो यानंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांनी.

पुढचे सगळे झपाट्याने झाले. लकून डिसेंबर 2013 मध्ये फेसबुकला गेले, विद्यापीठातली जागा राखून. 2015 मध्ये उबरने कार्नेगी मेलनच्या रोबोटिक्स केंद्रातून चाळीसेक माणसे एका दमात उचलली. पगार वाढले, तसा गणनेचा खर्चही वाढला. दोन कार्डांवर जग हलवण्याचा काळ सरला. आज अनेक तरुण प्राध्यापक कंपनीकडे जातात ते केवळ पगारासाठी नाही, तर तिथेच यंत्रे आहेत म्हणून. भारत सरकारने मार्च 2024 मध्ये 10,372 कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय’ मोहिमेला मंजुरी दिली. संशोधकांना आणि नव्या कंपन्यांना दहा हजारांहून जास्त जीपीयू, म्हणजे ग्राफिक कार्डांतल्या गणन-चिप, उपलब्ध करून देणे हा तिचा एक मोठा भाग आहे, तो याच अडचणीमुळे.

पण सगळी कामे यंत्रांवर अडत नाहीत. पवईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने हिंदी आणि मराठी वर्डनेट, म्हणजे शब्दांचे अर्थ आणि त्यांची नाती नोंदवणारे संगणकीय कोश, उभे केले. तिथे शब्दाचा एकेक अर्थ माणसाने बसून वेगळा करावा लागतो : झाडाचे पान, वहीचे पान, विड्याचे पान आणि पंगतीत मांडलेले पान. एवढ्या धीराच्या मराठी कामाला कोणत्याही बाजाराने पहिला पगार दिला असता, असे मला वाटत नाही.

हिंटन मे 2023 मध्ये गूगलमधून बाहेर पडले. एआयच्या धोक्यांविषयी मोकळेपणाने बोलता यावे म्हणून, असे त्यांनी सांगितले. 2024 चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना जॉन हॉपफील्ड यांच्यासोबत मिळाले. निवड समितीने ज्या बोल्ट्झमन मशीनचा, म्हणजे न्यूरल नेटवर्कच्या एका प्रकाराचा, उल्लेख केला ते 1980 च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातले. तेव्हा हिंटन पिट्सबर्गला शिकवत होते आणि त्यांचे सहकारी टेरी सेजनोव्स्की बाल्टिमोरला. दोघेही नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी एकमेकांच्या गावी जात आणि ते यंत्र कसे शिकेल यावर वाद घालत बसत.