जुन्या बोलपटांतल्या नट्या खरंच नुसते ओठ हलवायच्या?

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर वर्षानुवर्षे फिरणारा एक मेसेज: ‘जुन्या बोलपटांत नटी फक्त ओठ हलवायची, आवाज पडद्यामागच्या गायिकेचा.’

तसं वाटणं साहजिक आहे. पुढची कित्येक दशकं चित्रपटात हेच चाललं. पण 1932 साली पहिला मराठी बोलपट आपल्या कोल्हापुरात तयार झाला, तेव्हा पार्श्वगायन आपल्याकडे रुळलंच नव्हतं. ते आलं 1935 च्या सुमारास, कलकत्त्यातून. त्याआधी दृश्य आणि आवाज एकाच वेळी टिपायचे. वादक कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे बसायचे आणि नटी अभिनय करताकरताच गायची. म्हणून तर संगीत नाटकात तयार झालेल्या गळ्यांना बोलपटांत मागणी आली. (सुंदर दिसणाऱ्या पण बेसूर नट्यांची तेव्हा पंचाईतच झाली असणार!)

पडताळायचं कसं? आधी चित्रपटाचं साल बघा. 1935 पूर्वीचा असेल तर गाणं बहुधा नटीचंच. नंतरचा असेल तर संवादातला आणि गाण्यातला आवाज लागोपाठ ऐका. मान वळली की आवाज दबतो का, तेही बघा; दबत असेल तर गाणं बहुधा तिथेच, नटीच्या गळ्यातून टिपलेलं. श्रेयनामावली वाचा. ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या नावावर मात्र विसंबू नका, कधीकधी तिथे गायिकेऐवजी पात्राचंच नाव छापलेलं असे.