क्लॉथ हॉल म्हणजे नक्की कुठला, क्राकूवचा की ईपरचा?

युरोपचे फोटो बघताना हा घोळ बऱ्याच जणांचा होतो, कारण इंग्रजीत दोन्हीचं नाव एकच, दोन्ही मध्ययुगातल्या कापडपेठा, दोन्ही शंभर मीटरपेक्षा लांब आणि भर चौकात. एक पोलंडमधल्या क्राकूवचा, तिथे त्याला सुकिएन्नित्से म्हणतात, आणि दुसरा बेल्जियममधल्या ईपरचा, म्हणजे लाकेनहाले. मधोमध उंच घंटामनोरा दिसला की ईपर समजा, खाली कमानींची रांग आणि वर कठड्यावर दगडी चेहरे दिसले की क्राकूव.

बघताना ईपरचा जास्त जुना वाटतो, मलाही तसंच वाटायचं. मूळ इमारत होतीच जुनी, 1304 च्या सुमारास पूर्ण झालेली. इंग्लंडहून लोकर यायची, गावात कापड विणलं जायचं आणि ते विकायला, साठवायला हा हॉल, शेजारच्या नदीतून होड्या थेट त्याला लागायच्या. पण नोव्हेंबर 1914 मध्ये तोफांच्या माऱ्यात तो पेटला आणि महायुद्ध संपेपर्यंत मोडक्या भिंती आणि मनोऱ्याचा बुंधा एवढंच उरलं. आज आपण बघतो त्यातलं बहुतेक 1933 ते 1967 दरम्यान जुन्यासारखंच परत उभं केलेलं आहे. आत 1998 पासून त्याच युद्धाचं म्युझियम आहे. तिथून मेनिन गेट, म्हणजे त्या युद्धात मारल्या गेलेल्या सैनिकांचं स्मारक, चालत काही मिनिटांवर, त्यावर भारतीय सैनिकांचीही नावं कोरलीयत, गेलात तर ती वाचल्याशिवाय परत येऊ नका.

क्राकूवचं उलटं आहे. 1257 मध्ये शहराला सनद मिळाली तेव्हा कापडाचे दगडी गाळे ठरले, 14व्या शतकात मोठा हॉल झाला, 1555 मध्ये आग लागली म्हणून वरचा नक्षीदार कठडा आला आणि कमानी तर 1875 ते 1879 मधल्या दुरुस्तीतल्या. म्हणजे बाहेरचं रूप नंतरचं, पण बाजार मात्र तिथेच. 1879 मध्येच चित्रकार हेन्रिक शेमिरादझ्कीने आपलं एक भलंमोठं चित्र शहराला भेट दिलं, त्यातून तिथलं नॅशनल म्युझियम सुरू झालं, वरच्या मजल्यावर आजही 19व्या शतकातली पोलिश चित्रं आहेत. आणि खाली गाळ्यांमध्ये अजूनही दुकानदार बसतात, फक्त ताग्यांच्या जागी आता अंबरचे (झाडाच्या राळेपासून बनलेल्या पिवळसर खड्यांचे) दागिने आणि लाकडी वस्तू मांडलेल्या असतात.