लक्षद्वीपला जायचंय? आधी मुक्काम, मग परवाना, तिकीट सगळ्यात शेवटी

गणपतीपुळ्याला जाताना आपण काय करतो? गाडी काढतो, पोचल्यावर दोन-चार ठिकाणी विचारतो, कुठे ना कुठे खोली मिळतेच. लक्षद्वीपला हे जमत नाही. तिथल्या प्रवेश परवान्याच्या अर्जातच विचारतात की कोणत्या बेटावर उतरणार आणि राहणार कुणाकडे. त्यामुळे राहायची सोय ठरल्याशिवाय परवाना नाही, आणि हातात परवाना नसेल तर कोचीहून जहाजातही चढू देत नाहीत, विमानातही नाही.

मी हे सगळं उलट्या क्रमाने केलं होतं. तिथल्या अगत्ती बेटावर जाणाऱ्या विमानाचं तिकीट स्वस्तात दिसलं म्हणून चौघांची काढून टाकली आणि मग होमस्टेवाल्याला फोन केला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "पोलिसांचा दाखला झाला का?" परवान्याच्या अर्जाला तो लागतो, आणि आमचा झाला नव्हता. तारखा बदलाव्या लागल्या, तिकिटांचे अर्ध्याहून जास्त पैसे पाण्यात गेले. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितोय, ज्या क्रमाने मी तेव्हा करायला हवं होतं.

परवाना कशासाठी आणि कुणाला

आपल्याच देशात जायला परवाना कशाला, असं बरेचजण चिडून विचारतात. १९६७ साली या बेटांवरच्या प्रवेशाचे आणि वास्तव्याचे निर्बंध ठरवणारे नियम झाले, त्यानुसार हा परवाना लागतो. एकूण ३६ बेटं, सगळ्यांची मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर आणि त्यातल्या फक्त १० बेटांवर गावं. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३ होती आणि त्यातले ९४ टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातीचे. पिण्याचं पाणी म्हणाल, तर वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर आहे. तो जास्त उपसला की विहिरी खारट होतात. अशा जागी माणसं मोजून सोडतात यात मला तरी काही वावगं वाटत नाही.

लक्षद्वीपबाहेरच्या प्रत्येक भारतीयाला परवाना लागतो. कामासाठी जाणारे सरकारी अधिकारी, सैन्यदलातले लोक आणि त्यांचे कुटुंबीय यांना सूट आहे. परदेशी पासपोर्टवाल्यांसाठी मात्र अगत्ती, बंगारम आणि कदमत एवढीच बेटं खुली आहेत. अमेरिकेतला भाऊ आणि त्याची मुलं बरोबर येणार असतील तर हे आधीच लक्षात घ्या. त्यांचे पासपोर्ट तिकडचे असले तर त्यांचा अर्ज वेगळा, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रतींसह. आणि सगळ्यांनी मिळून मिनिकॉय बेट बघायचा बेत रद्द.

मुक्कामाचे दोन रस्ते

पहिला रस्ता सरकारी. प्रशासनाची ‘स्पोर्ट्स’ नावाची पर्यटन संस्था आहे, तिचं कोचीतलं कार्यालय विलिंग्डन बेटावर आहे. तिची सहल घेतली की राहणं, जेवण, बेटावरचं फिरणं आणि परवान्याची व्यवस्था एकत्र होते. यातली ‘समुद्रम’ ही सहल गंमतीची आहे: रात्री एम. व्ही. कवरत्ती या जहाजातच झोपायचं आणि दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय या बेटांवर उतरायचं. म्हणजे मुक्कामाची जागाच आपल्याबरोबर फिरते. आई-वडिलांना घेऊन जात असाल तर हाच रस्ता बरा, फक्त समुद्र लागणाऱ्यांनी विचार करून. बेटावरच राहायचं तर कदमत, बंगारम, तिन्नकरा अशा ठिकाणी कॉटेज किंवा तंबू मिळतात. बंगारमवर गाव नाही. निळं पाणी, माड आणि शांतता पाहिजे असेल तर ठीक, बाजार पाहिजे असेल तर नाही.

दुसरा रस्ता म्हणजे होमस्टे किंवा स्थानिक ओळख. अगत्ती आणि कवरत्तीवर असे बरेच पर्याय आहेत. इथे तिथला रहिवासी तुमचा स्पॉन्सर होतो, म्हणजे ‘हे लोक माझ्याकडे येताहेत’ असं तो लेखी देतो. खर्च कमी, जेवण घरचं. ताजा टुना रोज ताटात. पण कागदपत्रांची धावपळ बरीचशी आपली आपण करायची. स्पॉन्सर निवडताना एकच कसोटी लावा: त्याच्याकडे आधी राहून आलेल्या एखाद्याशी फोनवर बोला. फोटो कुणीही कुठलेही पाठवतो. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान तिथे जाऊन आल्यावर लक्षद्वीपची चौकशी एकदम वाढली, आणि अशा वेळी ‘दोन दिवसांत परवाना काढून देतो’ म्हणणारेही वाढतात. परवान्याचं सरकारी शुल्क माणशी काही शेकड्यांतच आहे. कुणी हजारांत मागत असेल तर तो कशाचे पैसे घेतोय ते तोंडावर विचारा.

कागदपत्रं

आधार किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र, पासपोर्ट आकाराचा फोटो, स्पॉन्सरचं पत्र किंवा बुकिंगचा कागद. हे सगळं तासाभरात जमतं. वेळ खातो तो पोलिसांचा दाखला.

महाराष्ट्रात याला वर्तणूक व चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र म्हणतात. अर्ज ऑनलाइन करायचा, मग तो तुम्ही राहता त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात जातो. तिथून बोलावणं येतं, मूळ कागद घेऊन जावं लागतं. आमच्याकडे हवालदारांनी अर्जातल्या ‘कारण’ या रकान्यावर बोट ठेवलं. मी तिथे नुसतं ‘प्रवास’ लिहिलं होतं. "कुठला प्रवास? पासपोर्टचं आहे का?" ‘लक्षद्वीप प्रवेश परवान्यासाठी’ असं स्पष्ट लिहिलं असतं तर एक हेलपाटा वाचला असता. भाड्याच्या घरात राहत असाल तर भाडेकरार आणि आधारवरचा पत्ता जुळतोय का ते आधीच बघा. बायकोच्या आधारवर माहेरचं नाव आणि तिकिटावर सासरचं, हा घोळ तर घरोघरी आहे; सगळीकडे आधारवरचंच नाव ठेवा, अगदी स्पेलिंगसकट.

अर्ज

लक्षद्वीप प्रशासनाच्या ई-परमिट संकेतस्थळावर खातं उघडून अर्ज भरतात. बेट, तारखा, येण्याचं कारण, स्पॉन्सरचा तपशील, बरोबरच्या माणसांची नावं भरायची, कागद चढवायचे, शुल्क भरायचं. जेवढ्या बेटांवर उतरायचं त्या सगळ्यांची नावं घाला. परवान्यात अगत्ती असेल आणि तिथे गेल्यावर कदमत बघावंसं वाटलं, तर तसं उठून जाता येत नाही. तारखाही दोन-तीन दिवस ऐसपैस घ्या, कारण हवा बिघडली की जहाज थांबतं. पोलिसांच्या दाखल्यापासून धरून सव्वा-दीड महिना हाताशी असावा असं माझं मत. पावसाळ्याचे महिने सोडूनच द्या, समुद्र खवळलेला असतो.

परवाना आला की मग तिकीट. कोचीहून जहाजाला बेटानुसार १४ ते १८ तास लागतात. केबिन आणि बंक असे वर्ग असतात, केबिन लवकर संपतात. विमान फक्त अगत्तीला उतरतं. धावपट्टी आखूड असल्याने छोटी एटीआर विमानं येतात, म्हणून जागा कमी. काही बेटांवर जहाज धक्क्याला लागत नाही. बाहेरच उभं राहतं आणि त्याच्या कुशीतल्या दारातून हलत्या होडीत उतरावं लागतं. खाली दोन खलाशी दंड धरून घेतात आणि लाट वर आली की ओरडतात, तेवढ्यात पाय टाकायचा. गुडघे दुखणाऱ्यांनी बेट निवडताना हे विचारून घ्या.

परवान्याच्या तीन-चार छापील प्रती ठेवा. मोबाइलमधली पीडीएफ ऐन वेळी उघडत नाही. बेटावर पोचल्यावर तिथल्या पोलीस ठाण्यात परवाना दाखवून नोंद करायची असते. होमस्टेवाला बहुतेक वेळा स्वतःच घेऊन जातो. दारू बंगारम सोडून कुठेच चालत नाही, बॅगेत ठेवू नका. आणि परतताना किनाऱ्यावरचं प्रवाळ उचलून आणू नका. मेलेलं, वाळलेलं असलं तरी वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि सामान तपासलं जातं.