झूम लांब, सेन्सर नखाएवढा

लांब झूमचा कॅमेरा नवा घेतलेला माणूस पहिला आठवडा हरखलेला असतो. झाडाच्या शेंड्यावरच्या घारीचा डोळा दिसतो, चंद्रावरचे खड्डे दिसतात, आणि हे सगळे गळ्यात अडकवून हिंडता येईल एवढ्या यंत्रातून. दुसऱ्या आठवड्यात तक्रारी सुरू होतात. पूर्ण झूमवर पिसे वेगवेगळी दिसत नाहीत, रंग फासल्यासारखी वाटतात. संध्याकाळी फोटोत दाणे येतात. उडता पक्षी चौकटीत सापडतच नाही, आणि सापडलाच तर फोकस पुढेमागे धावत राहतो. मी असा कॅमेरा बरीच वर्षे वापरतो आहे आणि तो वापरणाऱ्या अनेकांशी बोललो आहे. कौतुक आणि तक्रारी बहुतेक एकाच गोष्टीतून येतात, असे माझे मत झाले आहे. ती गोष्ट म्हणजे लेन्सच्या मागे बसवलेला, करंगळीच्या नखावर मावेल एवढा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप.

आधी ‘५०एक्स’ किंवा ‘८३एक्स’ या आकड्यांचा अर्थ पाहू. ‘डोळ्याला दिसते त्याच्या ८३पट मोठे’ असा तो नाही. लेन्सचे सर्वांत लांब नाभीय अंतर (हे अंतर जितके लांब तितके दृश्य अरुंद आणि वस्तू मोठी) भागिले सर्वांत आखूड नाभीय अंतर, एवढाच त्याचा अर्थ. निकॉनच्या २०१५च्या कूलपिक्स पी९०० या कॅमेऱ्याच्या लेन्सचे नाभीय अंतर ४.३ ते ३५७ मिलिमीटर आहे, भागाकार ८३. मग खोक्यावर ‘२४ ते २००० मिलिमीटर’ लिहिलेले असते ते कुठून येते? जुन्या फिल्म कॅमेऱ्याची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची होती. तेवढ्या चौकटीत इतकेच अरुंद दृश्य पकडायला २००० मिलिमीटरची लेन्स लागली असती, असे ते सांगणे आहे.

या कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र सुमारे ६.२ बाय ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे फिल्मच्या चौकटीच्या जेमतेम तिसाव्या हिश्श्याएवढा. तो ‘१/२.३ इंची’ म्हणून ओळखला जातो आणि हे नाव सरळ दिशाभूल करणारे आहे. २.३ने इंच भागला तर ११ मिलिमीटर येतात, पण सेन्सरचा कर्णसुद्धा आठ मिलिमीटर भरत नाही. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेची नळी असे. मोजमाप त्या नळीच्या बाहेरच्या व्यासाचे सांगत, चित्र पडणाऱ्या भागाचे नव्हे. नळ्या गेल्या, मोजायची रीत राहिली.

सेन्सर लहान ठेवल्याने किती साधले ते वजनात दिसते. कॅननने एकेकाळी १२०० मिलिमीटरची, एफ ५.६ची लेन्स बनवली होती (एफचा आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राची रुंदी; आकडा मोठा तितका प्रकाश कमी); नुसत्या लेन्सचे वजन १६.५ किलो. त्याच कंपनीचा २०१२चा पॉवरशॉट एसएक्स५० एचएस १२०० मिलिमीटरच्या लेन्सएवढेच अरुंद दृश्य दाखवतो आणि बॅटरीसह त्याचे वजन सुमारे ६०० ग्रॅम आहे. परवडणारा लांब झूम शक्य झाला तो इथे.

याची किंमत पहिल्यांदा मोजावी लागते प्रकाशात. एफचा आकडा तोच आणि शटर स्पीडही तोच ठेवला, तर लहान सेन्सरवर एकूण प्रकाशही तिसाव्या हिश्श्याइतकाच पडतो. प्रकाश कणाकणाने येतो आणि कणांची संख्या दर वेळी थोडी कमीजास्त होते. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पडत असतील तर चढउतार १००च्या आसपास, म्हणजे एक टक्का. सरासरी १०० फोटॉन असतील तर चढउतार १०चा, म्हणजे तब्बल दहा टक्के. संध्याकाळी दिसणारे दाणे हेच. आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही, मिळालेला तोकडा संकेत फक्त मोठा करून दाखवला जातो, दाण्यांसकट. ते दाणे पुसण्यासाठी कॅमेऱ्यातला प्रोसेसर शेजारशेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतो आणि त्यात पिसांच्या बारीक रेषाही पुसल्या जातात. रंग फासल्यासारखी पिसे येतात ती बरीचशी अशी. रॉ फाइलची, म्हणजे सेन्सरने टिपलेले जसेच्या तसे साठवण्याची, सोय असेल तर ही पुसापुशी आपल्या हाती ठेवता येते. एसएक्स५०मध्ये ती सोय होती, पी९००मध्ये नव्हती.

त्यातच झूम लांबवला की नाभीय अंतराच्या मानाने छिद्रही लहान पडते. पी९००वर एफ २.८चे एफ ६.५ होते आणि प्रकाश पाचपटींहून अधिक घटतो. म्हणजे ज्या टोकाला वेगवान शटर सर्वांत जास्त हवा, तिथेच प्रकाश सर्वांत कमी.

दुसरी किंमत विवर्तनाची. प्रकाश लहान छिद्रातून जाताना पसरतो. त्यामुळे काच कितीही निर्दोष घासली तरी ताऱ्यासारख्या बिंदूचे चित्र बिंदू म्हणून उमटत नाही, बारीक तबकडी म्हणून उमटते. एफ ६.५ला हिरव्या प्रकाशासाठी या तबकडीचा व्यास सुमारे ८.७ मायक्रोमीटर येतो. १६ मेगापिक्सेलच्या या सेन्सरवरचा एक पिक्सेल आहे सुमारे १.३ मायक्रोमीटरचा. एक बिंदू सहा-सात पिक्सेल रुंदीवर पसरणार असेल, तर संगणकावर फोटो शंभर टक्के मोठा करून धारदार कडा शोधण्यात अर्थ नाही. म्हणूनच नवा कॅमेरा निवडताना मेगापिक्सेलचा वाढलेला आकडा पाहून भुलू नये असे मला कळकळीने वाटते. लांब टोकाला त्या जास्तीच्या पिक्सेलना पकडण्यासारखे काही उरलेलेच नसते. डिजिटल झूम तर नवे काहीच टिपत नाही, मधला तुकडा कापून ताणून दाखवतो.

आता हाताची गोष्ट. हात सरळ पुढे लांब करून करंगळी उभी धरा. तिची रुंदी जेवढी दिसते तो साधारण एक अंश. पी९००च्या पूर्ण झूमवर फोटोची सगळी रुंदी एवढीच असते! उडता पक्षी का सापडत नाही ते इथे कळते. झूम मागे घ्यायचा, पक्षी मधोमध आणायचा आणि मग पुढे जायचे. सराईत माणसांचे हे तंत्र इतके उपयोगी आहे की काही मॉडेलांत त्यासाठी बाजूला खास बटण असते. दाबले की दृश्य तात्पुरते रुंद होते. ऑलिंपसने २०१४च्या एसपी-१०० या कॅमेऱ्यावर तर बंदुकीवर असते तसे ठिपका दाखवणारे नेमयंत्र बसवले होते. ही कल्पना पुढे फारशी रुजली नाही याचे मला वाईट वाटते.

या एका अंशात ४६०८ पिक्सेल आडवे बसलेले असतात. हात अंशाच्या शंभराव्या भागाने हलला तरी चित्र सुमारे ४५ पिक्सेल सरकते. आणि निरोगी माणसाचा हातही सेकंदाला आठ-दहा वेळा बारीक थरथरत असतो. कॅमेऱ्यातले जायरोस्कोप ही थरथर मोजतात आणि लेन्समधले एक भिंग चुंबकाच्या साहाय्याने उलट दिशेला सरकवतात. ही यंत्रणा पाच स्टॉप, म्हणजे ३२पट सवलत देते असे धरले, तर जिथे १/२००० सेकंद लागला असता तिथे १/६०वरही निभावते. मात्र ती फक्त हात सावरते. मान हलवणारा पक्षी १/६०ला हललेलाच येणार.

पण मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते हवेबद्दल, कारण कॅमेऱ्यावर घेतलेला आळ पुष्कळदा हवेवर जायला हवा असतो. गरम हवा विरळ असते आणि तिचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याची ताकद, थंड हवेपेक्षा किंचित कमी असतो. तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे लहानमोठे झोत त्यामुळे वेड्यावाकड्या भिंगांसारखे वागतात. शेकोटीच्या धगीपलीकडचा चेहरा लहरताना दिसतो तेच हे. नुसत्या डोळ्यांना भर दुपारी तीनशे मीटरवरचा बगळा ठीक दिसतो, कारण ही लहर फार बारीक असते. लांब झूम मात्र बगळ्याबरोबर ती लहरही मोठी करतो. मी एकदा सलग दोन दुपारी एकाच खांबावरच्या पक्ष्याचे शंभरावर फोटो काढले, सगळे मऊ आले, आणि लेन्स बिघडली असे मी ठरवूनही टाकले. तिसऱ्या दिवशी सूर्य उगवताना तोच खांब, तेच अंतर, आणि खांबावरच्या गंजाचे पापुद्रे मोजता येत होते.

तेव्हापासून मी एक साधी तपासणी करतो. एकाच स्थिर वस्तूचे आठ-दहा फोटो झटपट घ्यायचे. कडा दर फोटोत वेगळ्या ठिकाणी वाकलेली दिसली तर दोष हवेचा. सगळे तपशील एकाच दिशेला ओढल्यासारखे असतील तर हात हलला. मागची फांदी स्वच्छ आणि पक्षी धूसर असेल तर फोकस चुकला. कमी प्रकाशात किंवा सपाट रंगाच्या विषयावर असे वारंवार होते. यांतले बरेच कॅमेरे चित्रातला उठाव, म्हणजे उजळ-गडद भागांतला फरक, मोजत फोकस शोधतात, आणि उठावच नसेल तर भिंग कुठे थांबवायचे हे त्यांना कळत नाही. सगळे फोटो सारखेच, सगळीकडे थोडे मऊ असतील, तरच लेन्सकडे आणि विवर्तनाकडे बोट दाखवावे. हवेवर महागड्या लेन्सचाही उपाय चालत नाही. जवळ जावे, किंवा सकाळी जावे.

आकाशाकडे मात्र हा कॅमेरा आपले सगळे गुण दाखवतो. एक काळजी आधीच सांगतो: योग्य सौर फिल्टर लेन्सच्या पुढे लावल्याशिवाय तो सूर्याकडे कधीही रोखू नका. चंद्राचा पहिला फोटो बहुतेकांचा पांढरा फटक येतो. चौकटीतले काळे आकाश पाहून कॅमेरा प्रकाश वाढवतो, आणि चंद्र तर थेट उन्हात असतो. मॅन्युअल मोडमध्ये आयएसओ १००, एफ ६.५ आणि १/२५० सेकंद इथून सुरुवात करा. ३५७ मिलिमीटरच्या लेन्सने सेन्सरवर चंद्राचे चित्र सुमारे ३.२ मिलिमीटरचे पडते, चौकटीची बरीचशी उंची भरणारे. पौर्णिमेला चंद्र सपाट दिसतो, कारण ऊन समोरून पडते आणि सावल्या उरत नाहीत. अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर पाहा, विवरांच्या कडा उभ्या राहतात. ९३ किलोमीटर रुंदीचे कोपर्निकस विवर त्या सुमारास उजेडात आले की सहज ओळखू येते.

आणि गुरू. पूर्ण झूमवर पी९००चे प्रकाश घेणारे तोंड सुमारे ५५ मिलिमीटरचे असते. गॅलिलिओने जानेवारी १६१०मध्ये गुरूकडे रोखलेल्या दुर्बिणीच्या भिंगापेक्षा मोठे. काळ्या आकाशात ऑटोफोकस बहुधा फसतो, म्हणून आधी चंद्रावर किंवा लांबच्या दिव्यावर फोकस करून तो मॅन्युअलवर स्थिर करायचा, ट्रायपॉड लावायचा आणि दोन सेकंदांचा टायमर ठेवायचा. स्वतः गुरूची तबकडी दिसेल असा प्रकाश ठेवला तर उपग्रह दिसत नाहीत, उपग्रह धरले तर गुरू पांढरा होतो. मी उपग्रह धरतो. पहिल्या रात्री मला एका रेषेत चार ठिपके मिळाले, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. दुसऱ्या रात्री त्याच वेळी तीनच होते. चौथा आयो. तो ४२ तासांत गुरूभोवती फेरी पुरी करतो आणि त्या वेळी गुरूच्या मागे गेलेला होता.