क्वार्टरबॅकला किती द्यायचे? एका न संपणाऱ्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉलचा हंगाम फेब्रुवारीत सुपर बोल या अंतिम सामन्याने संपतो आणि मार्चमध्ये दुसरा, हिशोबाचा हंगाम सुरू होतो. या दिवसांत एनएफएल या लीगचे चाहते खेळाबद्दल कमी आणि करारांबद्दल जास्त बोलतात. कोणाला किती वर्षांचा करार मिळाला, त्यात हमीची रक्कम किती, पुढच्या वर्षी त्याचा कॅपवर, म्हणजे संघाच्या पगारखर्चाच्या मर्यादेवर, किती भार पडणार, दोन वर्षांनी त्याला काढायची वेळ आली तर किती ‘डेड मनी’, म्हणजे खेळाडू गेल्यावरही हिशोबात उरणारी रक्कम, अंगावर येणार. आणि फिरून फिरून गाडी एकाच माणसापाशी येते: क्वार्टरबॅक. संघात 53 जण असतात, पण आक्रमणातला जवळपास प्रत्येक डाव याच्या हातातून सुरू होतो. त्याला किती द्यायचे यावर बाकीच्या 52 जणांचे ठरते.

1970 च्या दशकातले चाहते असे बोलत नव्हते. आपला क्वार्टरबॅक चांगला की वाईट, एवढाच त्यांचा वाद. तो महाग की स्वस्त, हे मालकाने बघावे. कारण त्याला चार पैसे जास्त मिळाले म्हणून बचावफळीतला एखादा खेळाडू सोडावा लागेल, असा कोणताही नियम तेव्हा नव्हता. तो नियम आला 1994 मध्ये. तो का आला, हे समजून घ्यायला बरेच मागे जावे लागते.

एनएफएलची स्थापना 1920 मध्ये ओहायो राज्यातल्या कँटन गावी झाली. 1936 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांच्या सूचनेवरून खेळाडूंचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायची पद्धत, सुरू झाला. दुबळ्या संघाला आधी निवडीचा हक्क, हे त्याचे उघड कारण. न बोललेले कारण असे की महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या एकाच मुलासाठी दोन मालकांनी चढाओढीने बोली लावणे त्यामुळे बंद झाले. गंमत म्हणजे ड्राफ्टमध्ये सर्वांत पहिला निवडला गेलेला जे बर्वॅंगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. पैशांचे जमले नाही. करारावरून फिसकटण्याची परंपरा ड्राफ्टइतकीच जुनी आहे.

चढाओढ पुन्हा सुरू झाली ती 1960 मध्ये, एएफएल ही प्रतिस्पर्धी लीग आल्यावर. जानेवारी 1965 मध्ये एएफएलच्या न्यूयॉर्क जेट्सनी अलाबामा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक जो नेमथ याला 4 लाख 27 हजार डॉलरचा करार दिला. मैदानावर पाऊल न ठेवलेल्या पोराला एवढे पैसे, म्हणून तेव्हाही बोटे मोडली गेली. चार वर्षांनी याच नेमथने सामन्याआधी विजयाची जाहीर हमी दिली आणि जेट्सनी बाल्टिमोर कोल्ट्सना 16-7 ने हरवून सुपर बोल जिंकला. तोवर मालक मात्र शहाणे झाले होते. बोलींनी दोन्ही लीगचे खिसे रिकामे होऊ लागल्यावर 1966 मध्येच विलीनीकरण ठरले, 1970 मध्ये ते पूर्ण झाले आणि खेळाडूला पुन्हा एकच गिऱ्हाईक उरले.

एनएफएलच्या आत तर एका संघातून दुसऱ्या संघात जाणे जवळपास अशक्यच होते. आर. सी. ओवेन्स हा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) करार संपल्यावर 1962 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बाल्टिमोरला गेला आणि मालकवर्ग हादरला. पुढच्याच वर्षी नियम झाला: दुसऱ्याचा खेळाडू घेतलात तर त्याबदल्यात जुन्या संघाला भरपाई द्यायची, आणि ती किती हे लीगचे प्रमुख, कमिशनर पीट रोझेल ठरवणार. बदल्यात आपला कोणता खेळाडू किंवा ड्राफ्टमधली कोणती निवड जाईल हे आधी कळतच नसे, म्हणून कोणी त्या वाटेला जात नसे. कोल्ट्सचा खेळाडू आणि खेळाडू संघटनेचा अध्यक्ष जॉन मॅकी याने कोर्टात धाव घेतली आणि 1976 मध्ये अपील कोर्टाने हा ‘रोझेल नियम’ बेकायदा ठरवला. पण मालकांशी झालेल्या 1977 च्या सामूहिक करारात संघटनेने इतर सवलतींच्या बदल्यात भरपाईची पद्धत वेगळ्या रूपात पुन्हा मान्य केली. कोर्टात जिंकलेले टेबलावर गेले.

मग संप. 1982 मध्ये 57 दिवस खेळ बंद राहिला आणि हंगाम नऊ सामन्यांवर आला. 1987 मध्ये खेळाडूंची मुख्य मागणीच करार संपल्यावर हव्या त्या संघात जाण्याच्या हक्काची होती. मालकांनी तीन आठवडे बदली खेळाडू उतरवून सामने खेळवले, दूरदर्शन वाहिन्यांनी ते दाखवले, आणि जो मोंटानासारखे बडे तारेसुद्धा संप मोडून मैदानात उतरले. 24 दिवसांत संप कोसळला. हरलेल्या संघटनेने मग एक विलक्षण खेळी केली. 1989 मध्ये तिने कामगार संघटना म्हणून असलेला आपला दर्जाच सोडून दिला. संघटना असली की सामूहिक वाटाघाटींच्या आडोशाने मालकांना मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण मिळते. संघटना नसली की खेळाडू त्या कायद्याखाली थेट दावा लावू शकतात.

त्याच वर्षी मालकांनी ‘प्लॅन बी’ आणला: प्रत्येक संघाने 37 खेळाडू राखून ठेवायचे, उरलेले मोकळे. म्हणजे ज्यांना मागणी आहे ते बांधलेले आणि ज्यांना फारशी नाही ते स्वतंत्र. जेट्सचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) फ्रीमन मॅकनील आणि आणखी सात जणांनी दावा लावला. सप्टेंबर 1992 मध्ये मिनियापोलिसच्या ज्यूरीने प्लॅन बी कायद्याविरुद्ध ठरवला. पाठोपाठ बचावफळीतल्या रेजी व्हाइटच्या नावाने सगळ्या खेळाडूंतर्फे दावा उभा राहिला, आणि मालक 1993 च्या आरंभी तडजोडीला आले.

आजचा सगळा वाद त्या तडजोडीत आहे. ठरावीक वर्षे खेळलेल्या खेळाडूला करार संपताच हवे तिथे जायचा हक्क मिळाला. बदल्यात खेळाडूंवरच्या एकूण खर्चाला मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, मान्य करावी लागली. रेजी व्हाइट स्वतः ग्रीन बे पॅकर्सकडे चार वर्षांच्या 1 कोटी 70 लाख डॉलरच्या करारावर गेला. पुढच्या वर्षी पहिली कॅप लागू झाली: प्रत्येक संघाला 3 कोटी 46 लाख डॉलर. 2025 मध्ये ती 27 कोटी 92 लाखांवर होती. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक फ्रँचायझीची थैली ठरलेली असते आणि एकावर जास्त उधळले की शेवटी स्वस्तातली मुले शोधावी लागतात, तसेच हे. फरक इतकाच की इथे लिलाव नाही, आणि हिशोब पाच-पाच वर्षे पुढे ढकलता येतो.

ढकलण्याची ही कला समजल्याशिवाय चाहत्यांची भांडणे कळत नाहीत. समजा खेळाडूला पाच वर्षांचा करार आणि सहीच्या वेळी 5 कोटींचा बोनस दिला. पैसे त्याच्या खात्यात लगेच जातात, पण कॅपच्या वहीत ते दरवर्षी 1 कोटी असे पसरले जातात. दोन वर्षांनी त्याला काढले तर उरलेले 3 कोटी खेळाडू नसतानाही वहीत येऊन बसतात. हाच तो डेड मनी. वहीतला भार हलका करायचा म्हणून संघ चालू पगाराचे बोनसमध्ये रूपांतर करतात, करारात नावापुरती पुढची वर्षे जोडतात, आणि आजचे देणे उद्यावर जाते. फिलाडेल्फियाचे व्यवस्थापन यात तरबेज मानले जाते. ‘कॅप खोटी आहे’ म्हणणारे आणि ‘एक दिवस बिल येतेच’ म्हणणारे, असे चाहत्यांचे दोन पंथच आहेत. दोघांकडेही दाखले आहेत.

बिलाचा सर्वांत मोठा दाखला डेन्व्हरचा. क्वार्टरबॅक रसेल विल्सनला आणण्यासाठी ब्रॉंकोजनी 2022 मध्ये ड्राफ्टच्या निवडी आणि खेळाडू दिले, आणि तो संघासाठी एकही सामना खेळण्याआधी त्याला पाच वर्षांचा 24 कोटी 50 लाख डॉलरचा वाढीव करार दिला. दोन हंगामांत काडीमोड झाला. सुमारे 8 कोटी 50 लाख डॉलरचा डेड मनी, लीगच्या इतिहासातला तोवरचा विक्रम, दोन वर्षांत विभागून डेन्व्हरच्या माथी आला. विल्सनचा हमीचा पगार डेन्व्हरच भरणार असल्याने पिट्सबर्गने त्याला अनुभवी खेळाडूच्या किमान पगारात, सुमारे 12 लाख डॉलरमध्ये घेतले. आणि एवढा बोजा डोक्यावर असताना, ड्राफ्टमधून आलेल्या नवख्या क्वार्टरबॅक बो निक्सला घेऊन डेन्व्हर त्याच 2024 च्या हंगामात प्लेऑफमध्ये पोचले, 2016 च्या फेब्रुवारीतला सुपर बोल जिंकल्यानंतर पहिल्यांदाच.

निक्स स्वस्त होता, आणि त्या स्वस्ताईचे मूळ 2011 मध्ये आहे. त्याआधी ड्राफ्टमधला पहिला खेळाडू हवे तितके मागू शकत असे. 2010 मध्ये सॅम ब्रॅडफर्डला सेंट लुईस रॅम्सनी सहा वर्षांचे 7 कोटी 80 लाख डॉलर देऊ केले, त्यांतले 5 कोटी हमीचे. 2011 मध्ये मालकांनी केलेल्या टाळेबंदीनंतरच्या करारात नवख्यांचे पगार निवडीच्या क्रमांकानुसार बांधून टाकले गेले. त्या वर्षीचा पहिला खेळाडू कॅम न्यूटन याला चार वर्षांचे मिळाले सुमारे 2 कोटी 20 लाख. यावर जुन्या खेळाडूंनी फारशी कुरकुर केली नाही. नवखे वाटाघाटींच्या टेबलावर नव्हतेच.

परिणाम लगेच दिसला. 2012 मध्ये तिसऱ्या फेरीत निवडलेल्या याच विल्सनला सिअ‍ॅटलमध्ये वर्षाला दहा लाख डॉलरही मिळत नव्हते. वाचलेल्या पैशांत सीहॉक्सनी भक्कम बचावफळी सांभाळली आणि फेब्रुवारी 2014 मध्ये डेन्व्हरला 43-8 असे चिरडून सुपर बोल जिंकला. तेव्हापासून ‘नवख्या कराराची चार वर्षे’ हा चाहत्यांचा मंत्र झाला: क्वार्टरबॅक स्वस्त आहे तोवर जिंका, मग महाग झाला की बघू. 2022 च्या ड्राफ्टमधला सर्वांत शेवटचा, 262 वा खेळाडू ब्रॉक पर्डी याने सॅन फ्रान्सिस्कोला दोन वर्षांत सुपर बोलपर्यंत नेले, आणि मे 2025 मध्ये त्यालाही पाच वर्षांचा 26 कोटी 50 लाखांचा करार द्यावा लागला.

महागड्या क्वार्टरबॅकविरुद्ध चाहते एक आकडा फेकत असत. 1994 च्या हंगामात जिंकलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टीव्ह यंगचा भार कॅपच्या 13.1 टक्के होता आणि त्याहून जास्त वाटा घेणारा क्वार्टरबॅक पुढे बरीच वर्षे सुपर बोल जिंकला नाही. टॉम ब्रेडी न्यू इंग्लंडमध्ये बाजारभावापेक्षा कमी घेत सहा वेळा जिंकला, हे त्याला पुरवणी म्हणून जोडले जाई. 2022 च्या हंगामात कॅन्सस सिटीचा पॅट्रिक महोम्स सुमारे 17 टक्के घेऊन जिंकला आणि तो आकडा निकालात निघाला. अर्थात प्रत्येक संघाकडे महोम्स नसतो. कॅन्सस सिटीलाही त्या हंगामाआधी टायरीक हिलसारखा रिसीव्हर मायामीला द्यावा लागला होता.

साधारण क्वार्टरबॅकला असामान्य भाव का मिळतो, हे न्यूयॉर्क जायंट्सच्या चाहत्यांना विचारावे. (नाव न्यूयॉर्कचे, मैदान न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डचे, त्यामुळे एडिसनच्या आसपास वाढलेल्या मराठी मुलांतही या संघावर चरफडणारे पुष्कळ.) मार्च 2023 मध्ये त्यांच्यापुढे दोन करार होते. क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला चार वर्षांचे 16 कोटी डॉलर मिळाले. रनिंग बॅक सेक्वॉन बार्कलीला मात्र फ्रँचायझी टॅग लावला गेला, म्हणजे ठरावीक पगारावर आणखी एक वर्ष बांधून ठेवले गेले. वर्षभराने बार्कली फिलाडेल्फियाला गेला, 2024 च्या हंगामात 2,005 यार्ड धावला आणि आपल्या 28 व्या वाढदिवशी सुपर बोल जिंकला. जोन्सला जायंट्सनी त्याच हंगामात नोव्हेंबरमध्ये काढून टाकले. तरीही त्या वेळचा निर्णय मला वेडेपणाचा वाटत नाही. हातचा क्वार्टरबॅक सोडून ड्राफ्टच्या भरवशावर राहिलेले संघ दहा-दहा वर्षे चाचपडतात, आणि सगळा बाजार त्या धास्तीवर चालतो.

टॅगही 1993 च्या तडजोडीतच मालकांनी ठेवलेली पळवाट आहे. तिचा उलटा उपयोग केला कर्क कझिन्सने. वॉशिंग्टनने त्याला 2016 आणि 2017 असा सलग दोनदा टॅग लावला. त्याने घाई न करता दोन वर्षांत जवळपास 4 कोटी 40 लाख डॉलर कमावले आणि 2018 मध्ये मिनेसोटाकडून तीन वर्षांचा 8 कोटी 40 लाखांचा करार मिळवला, संपूर्ण हमीचा. हे शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. एनएफएलमध्ये करारावर लिहिलेला मोठा आकडा बहुधा शोभेचा असतो. उरलेली वर्षे रद्द करून संघ खेळाडूला काढू शकतो. बेसबॉल आणि बास्केटबॉलमध्ये पूर्ण हमी ही रीत आहे, इथे ती अपवाद.

तो अपवाद मार्च 2022 मध्ये क्लीव्हलँडने फारच महागात नेला. दोन डझनांच्या आसपास महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावलेल्या डेशॉन वॉटसनसाठी ब्राउन्सनी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीच्या तीन निवडी दिल्या आणि त्याला पाच वर्षांचे 23 कोटी डॉलर दिले, पै न पै हमीची. लीगने त्याला 11 सामन्यांसाठी निलंबित केले. इतर मालकांच्या पोटात गोळा आला तो मात्र हमीमुळे. आता प्रत्येक क्वार्टरबॅक हेच मागणार होता, आणि पहिला नंबर बाल्टिमोरच्या लमार जॅक्सनचा होता, जो एजंट न ठेवता स्वतः वाटाघाटी करत होता. 2023 च्या वसंतात त्याला असा टॅग लागला की पहिल्या फेरीच्या दोन निवडी मोजल्या तर कोणताही संघ त्याला घेऊ शकत होता. लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, विशीतला क्वार्टरबॅक बाजारात उभा होता आणि एकाही संघाने त्याला करार देऊ केला नाही. शेवटी बाल्टिमोरनेच पाच वर्षांचे 26 कोटी दिले, त्यांतले 18 कोटी 50 लाख हमीचे. त्यानंतर क्वार्टरबॅक जो बरो 27 कोटी 50 लाखांवर गेला, डॅक प्रेस्कॉट 2024 मध्ये वर्षाला 6 कोटींवर पोचला, पण पूर्ण हमी यांच्यापैकी कोणालाच मिळाली नाही.

चाहत्यांनी तेव्हा जॅक्सनच्या दुखापतींवर, एजंट नसण्यावर, प्लेऑफमधल्या कामगिरीवर तावातावाने चर्चा केली. बहुतेकांचा सूर मालकांच्या बाजूचा होता, कारण कॅपने चाहत्यांना मालकाच्या खुर्चीत बसून विचार करायची सवय लावली आहे. स्वतःच्या खिशातून एक डॉलर जात नसताना. खेळाडू संघटनेने मात्र मालकांनी संगनमत केल्याची तक्रार लवादाकडे नेली. जानेवारी 2025 मध्ये निकाल आला: संगनमत सिद्ध झाले नाही, पण हमीच्या रकमा कमी ठेवा असे लीगच्या कार्यालयाने संघांना सुचवले होते, हे लवादाने मान्य केले. हा निकाल लीगने आणि संघटनेनेही दडवून ठेवला. तो बाहेर आला जूनमध्ये, एका पत्रकाराच्या पॉडकास्टमधून, आणि त्यानंतर संघटनेने अपील केले.