शिवसागराच्या काठचं जंगल

वासोट्याला जायचं तर साताऱ्याहून कास ओलांडून बामणोलीला उतरायचं, वनखात्याची परवानगी काढायची आणि लाँचने शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, पार करून मेट इंदवलीला लागायचं. तिथून पायवाट लगेच झाडीत शिरते. बहुतेकजण किल्ल्याच्या ओढीने झपाझप पुढे जातात. जरा थांबून पाहिलं तर पालापाचोळ्याखाली जोत्याचे दगड दिसतात. 'मेट' म्हणजे गडाखालची पहाऱ्याची चौकी. ज्याला आज आपण घनदाट अभयारण्य म्हणतो तिथे गाव होतं, चुली पेटत होत्या, वर उतारावर नाचणी-वरी होत होती.

या जंगलाची गोष्ट म्हणूनच वाघापासून सांगता येत नाही. ती पाण्यापासून, खरं तर विजेपासून सुरू होते.

त्याआधी नदी समजून घ्यायला हवी. कृष्णेच्या इथल्या बहुतेक उपनद्या डोंगर सोडला की पूर्वेची वाट धरतात. कोयनेचं तसं नाही. महाबळेश्वरला उगम पावून ती सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेला जाते. उजवीकडे सह्याद्रीची मुख्य धार, डावीकडे बामणोलीची रांग आणि मधल्या अरुंद खोऱ्यात नदी. हेळवाकजवळ ती एकदम पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत मिसळते. पावसाचं तर विचारूच नका. पावसाळ्यात रोज सकाळी पेपरात कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर असे तीन आकडे येतात. त्याच सातारा जिल्ह्यात माण-खटाव ढगाकडे डोळे लावून बसलेलं असतं. सांगलीतही तेच. शिराळ्याचा पश्चिम भाग भिजून चिंब आणि जत-आटपाडी कोरडी.

माथ्यावर काळ्या बेसॉल्टवर जांभ्याचं टोपण बसलेलं आहे, त्याला इथे सडा म्हणतात. कासचं पठार त्यातलंच, चांदोलीतला झोळंबीचा सडाही. सड्यावर माती नखभर, म्हणून झाड धरत नाही आणि म्हणूनच पावसानंतर फुलं येतात. खाली घळीत मात्र अंजनी, जांभूळ, पिसा यांचं सदाहरित रान. जावळीच्या मोऱ्यांना या रानाचाच भरवसा होता. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली तेव्हा हा भरवसाही त्यांच्या हाती आला. तीन वर्षांनी अफजलखानाला याच मुलखात यावं लागलं. वासोट्याचं दुसरं नाव व्याघ्रगड, ही आपली जाता जाता एक नोंद.

हेळवाकच्या वळणाच्या अलीकडेच कोयना धरण बांधलं गेलं. पूर्वेला जाणारं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवायचं, कड्याच्या उंचीचा फायदा घेऊन वीज करायची आणि तेच पाणी वाशिष्ठीत सोडायचं, अशी ती योजना. साठच्या दशकात पाणी अडलं आणि १०५ टीएमसीचा शिवसागर खोऱ्यात लांबच लांब पसरला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप इथल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. पण जंगलाच्या दृष्टीने मोठी उलथापालथ पाण्यानेच केली. खोऱ्यातली सपाट भातखाचरं बुडाली. काही गावं ठाणे, रायगड, सोलापूरपर्यंत उठून गेली, काहीजण पाण्याच्या वर सरकून तिथेच राहिले. पलीकडच्या काठाला रस्ता राहिला नाही, नुसती होडी. शेती मोडली, वस्ती विरळ झाली आणि मोकळ्या जागेत रान परत आलं. हे रान कुणी 'राखलं' म्हणण्यापेक्षा ते मागे उरलं म्हणणं जास्त खरं आहे.

१९८५ साली या उरलेल्या रानावर कोयना अभयारण्याची रेघ आखली गेली, क्षेत्र सुमारे ४२३ चौरस किलोमीटर. त्याच वर्षी दक्षिणेला वारणेच्या खोऱ्यात चांदोली अभयारण्य झालं. तिथेही धरण होतंच, वसंतसागर. पाण्याच्या वर सरकलेल्यांच्या दारात आता वनखातं आलं. 'धरणग्रस्त' आणि 'अभयारण्यग्रस्त' असे दोन वेगळे शब्द सरकारी कागदांत शोभतात, इथे कितीतरी घरांना ते दोन्ही लागू पडले. धरण आलं तेव्हा आजोबा उठले आणि अभयारण्य आलं तेव्हा नातू. मोर्चे, ठिय्ये, पर्यायी जमिनीचे वाद वर्षानुवर्षं चालले. पर्यटनाच्या पत्रकात यातलं काही सापडणार नाही.

२००४ मध्ये चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि जानेवारी २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. राज्यातला हा चौथा, आणि विदर्भाबाहेरचा आजही एकमेव. एकूण क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ६०० चा. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं तेव्हा त्यात कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार नावं एका गटात होती.

गवा, अस्वल, कोळसुंदे म्हणजे रानकुत्रे, शेकरू इथे भरपूर. वाघाचं मात्र नाव मोठं, दर्शन दुर्मीळ. २०१८ मध्ये चांदोलीत कॅमेऱ्याने एक टिपला तेव्हा त्याचीच बातमी झाली. नर दक्षिणेकडून रानोरान आपणहून येतात, माद्या सहसा इतक्या लांब येत नाहीत. म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची एक वाघीण चांदोलीत आणली गेली, गळ्यात रेडिओ कॉलर घालून.

चांदोलीतून तिला उत्तरेला कोयनेच्या रानात जायचं झालं तर मध्ये पाटण तालुक्यातली गावं आणि कुंभार्ली घाटाने जाणारा कराड-चिपळूण रस्ता आहे. तो रस्ता हेळवाकवरूनच जातो, नदी वळते तिथून.