कार्बोरेटर सगळ्यात शेवटी: जुन्या बुलेटचं घरच्या घरी ट्यूनिंग

जुनी बुलेट नीट चालेनाशी झाली की पहिला हात कार्बोरेटरकडे जातो. एअर स्क्रू फिरवा, जेट साफ करा, आयडलिंग थोडं वाढवा. दोन दिवस बरं वाटतं आणि मग गाडी पुन्हा मिस मारायला लागते. मूळ दुखणं बहुतेक वेळा टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची फट), पॉइंट (ठिणगीसाठी वीज तोडणारा स्विच) किंवा टायमिंगमध्ये (ठिणगी पडण्याच्या वेळेत) असतं. कार्बोरेटर फक्त ते काही दिवस झाकून ठेवतो.

इथे जी बुलेट डोळ्यांसमोर आहे ती लोखंडी बॅरलची (सिलिंडरची) ३५०. भारतीय सैन्याच्या मागणीमुळे १९५५ साली मद्रासमध्ये या गाडीची जुळणी सुरू झाली आणि ते इंजिन किरकोळ बदलांसह २०१०च्या आसपासपर्यंत बनत राहिलं. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी. व्हॉल्व्ह ढकलणारे पुशरॉड, काँटॅक्ट पॉइंट, किक. त्यात कुठेही सेन्सर नाही, त्यामुळे झीज झाली की इंजिन स्वतःहून काही जुळवून घेत नाही. ते काम पाना घेऊन आपल्यालाच करावं लागतं. कामाचा क्रम मात्र ठरलेला आहे: आधी टॅपेट, मग पॉइंटची गॅप, त्यानंतर टायमिंग आणि शेवटी कार्बोरेटर. पुढची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून असल्यामुळे हा क्रम मोडला की आधी केलेलं काम वाया जातं.

टॅपेट इंजिन पूर्ण गार असतानाच करायचे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी घेतली तर उत्तम. प्लग काढा, प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा आणि किक हाताने हळूहळू दाबा. हवा अंगठ्याला ढकलायला लागली की पिस्टन कॉम्प्रेशनला वर येतोय. गाडी मेन स्टँडवर घेऊन, चौथा गिअर टाकून मागचं चाक फिरवलं तर पिस्टन अगदी वरच्या टोकाला आणणं आणखी सोपं जातं. आता उजव्या बाजूला बॅरलच्या तळाशी असलेलं टॅपेट कव्हर उघडा. आत दोन पुशरॉड दिसतील आणि प्रत्येकाच्या तळाशी एकाखाली एक तीन षटकोनी कडा. तिथे जाड पाने बसत नाहीत, पातळ घासलेलेच लागतात. ॲडजस्टेबल पाना वापरू नका. एकदा कडा गोल झाल्या की पुढच्या वेळी पाना धरतच नाही.

लॉकनट सैल करून असं जमवायचं की रॉड बोटांच्या चिमटीत सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलवला तर खेळ जाणवता कामा नये. लॉकनट घट्ट करताना माप हमखास सरकतं, म्हणून घट्ट केल्यावर रॉड पुन्हा फिरवून बघा. पहिल्या प्रयत्नात क्वचितच जमतं.

इतर बहुतेक इंजिनांत इथे फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) मोजून फट ठेवतात, मग बुलेटमध्ये शून्य का? कारण पुशरॉड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहेत. तापमान सारखंच वाढलं तर ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. पण बॅरल ज्वलनाच्या धगीत असतो आणि रॉड त्यामानाने थंड पोकळीत, म्हणून दोघांची लांबी जवळपास सारखीच वाढते आणि फट होती तशी राहते. ही जुळणी गार ते गरम या पूर्ण प्रवासाची आहे. अर्धवट तापलेल्या इंजिनावर टॅपेट केले तर नेमकी कुठल्या तापमानाची फट आपण पकडली, हे कळायला मार्ग उरत नाही.

टॅपेट थोडा वाजत असेल तर त्याची फार चिंता नको. घट्ट बसलेला टॅपेट मात्र धोक्याचा, आणि तो आवाज करत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतांश उष्णता सीटवर टेकलेला असतानाच हेडला देतो. रॉड घट्ट असेल तर तो पूर्ण टेकत नाही, उष्णता अडकते, फटीतून जळता वायू निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. कॉम्प्रेशन कमी वाटत असेल तर डीकॉम्प्रेसरची (किकसाठी सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) केबलही बघून घ्या. तिला थोडी ढील हवी. ती ताणलेली असेल तर डीकॉम्प्रेसरचा छोटा व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि किक मारताना बारीक सूं असा आवाज येतो. एवढ्या कारणासाठी हेड खोललेल्या गाड्या कमी नाहीत.

आता पॉइंट. कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आला की गॅप सर्वांत जास्त असते. तिथे थांबून फिलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. त्याआधी दोन्ही टोकं बारीक फाइलने समतल करा आणि पेट्रोलमध्ये भिजवलेला कोरा कार्डाचा तुकडा मधून ओढून पुसून घ्या. बोटाचा तेलकटपणाही तिथे जळून काळा थर होतो. फिलर गेजही पुसूनच घाला. कॅमला ग्रीस लावायचं ते काडीच्या टोकावर मावेल एवढंच; जास्त झालं तर ते उडून पॉइंटवरच बसतं.

एका टोकावर धातूचा उंचवटा आणि समोरच्या टोकावर खड्डा दिसला तर कंडेन्सरवर संशय घ्या. पॉइंट उघडतो त्या क्षणी कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि त्यातूनच प्लगसाठी हजारो व्होल्ट तयार होतात. ते कोसळणं जितकं झटकन, तितकी ठिणगी जोरकस. कंडेन्सर तो धक्का क्षणभर स्वतःत घेतो, म्हणून पॉइंटवर ठिणगी पडत नाही. तो कमकुवत झाला की प्लगची ठिणगी निळ्याऐवजी पिवळसर आणि लुळी दिसते, तर पॉइंटवर चांगली लखलखते. कंडेन्सर बिघडण्याची रीतही चकवणारी आहे. गार असताना तो ठीक काम करतो, तापला की दगा देतो. गाडी घाटात बंद पडते, अर्ध्या तासाने काहीच न करता चालू होते आणि दहा किलोमीटरवर पुन्हा बंद. असं होत असेल तर कार्बोरेटरला हात न लावता कंडेन्सर बदला. लांबच्या प्रवासात एक जादा जवळ असावाच.

गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतो, कमी झाली की उशिरा. म्हणजे गॅपला हात लावला की टायमिंग हललंच. टाच झिजत जाते तशी गॅप हळूहळू कमी होते, टायमिंग मागे पडतं, इंजिन जास्त तापतं आणि ओढ कमी होते. हे इतकं सावकाश घडतं की रोज चालवणाऱ्याला जाणवतही नाही.

टायमिंगचं माप आहे पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिलिमीटर आधी, ऑटो ॲडव्हान्स (वेगाबरोबर ठिणगी आधी पाडणारी वजनं) पूर्ण मिटलेला असताना. क्रँकच्या हिशोबात हे नऊ-दहा अंश होतात. प्लगचं भोक तिरकं असल्याने सळई घालून मोजलेलं अंतर फसवं असतं. डावीकडचं प्राथमिक चेनचं कव्हर काढून क्रँकच्या टोकावर अंशांची चकती बसवली की काम नेमकं होतं. गिअरच्या दातांमधली ढील संपवण्यासाठी क्रँक आधी चांगला मागे न्या आणि मग पुढे आणत खुणेवर थांबवा. उलट्या दिशेने आणलात तर माप चुकतं.

पॉइंट नेमका कधी उघडला हे सांगायला गाडीचा स्वतःचा अँमीटर पुरेसा आहे. दिवे बंद, चावी चालू. पॉइंट मिटलेले असताना काटा डिस्चार्जकडे झुकतो आणि उघडताक्षणी मध्यावर परततो. बेस प्लेटचे दोन स्क्रू सैल करून ती कणाकणाने फिरवा आणि काटा नेमका खुणेवर परतेल असं करा. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे प्लेटचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन अंश. म्हणूनच स्क्रू आवळताना प्लेट जराही सरकू देऊ नका आणि आवळून झाल्यावर काटा पुन्हा तपासा.

एवढी काटेकोरी कशाला, याचं उत्तर जळण्याच्या वेगात आहे. मिश्रण पेट घेऊन दाब तयार व्हायला ढोबळमानाने दोन मिलिसेकंद धरले, तर आयडलिंगला मिनिटाला ९०० फेऱ्यांवर क्रँक तेवढ्यात ११ अंश फिरतो आणि ३,००० फेऱ्यांवर ३६ अंश. वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पडायला हवी. ते काम पॉइंटच्या प्लेटखालची दोन वजनं आणि दोन स्प्रिंग करतात. स्प्रिंग ताणून सैल झाल्या की वजनं मिटत नाहीत, किक मारतानाच ठिणगी फार लवकर पडते आणि किक उलटी बसते. बुलेटची उलटी किक घोटा मोडू शकते. त्यामुळे किक उलटी यायला लागली की ती लाडाने सोसू नका, आधी या स्प्रिंग बघा.

आता कार्बोरेटर. इंजिन तापवून, एअर स्क्रू दीड फेरी उघडा ठेवून सुरुवात करा आणि आयडलिंग सर्वांत जास्त आणि एकसारखं होईल तिथे थांबा. या कार्बोरेटरमध्ये स्क्रू आत गेला की मिश्रण घट्ट (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होतं, बाहेर आला की पातळ (पेट्रोल कमी). वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या सेटिंगचा हिशोब बदलला आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त नऊ, आणि मिश्रणाला साधारण साडेतेरा. जेट (पेट्रोल मापून सोडणारं छिद्र) मात्र जुन्याच मापाचा, म्हणजे इंजिन सुमारे आठ टक्के पातळ चालतं. भरधाव चालवून चावी बंद करून, क्लच दाबून थांबा आणि प्लग बघा. तो पांढरट दिसला तर मेन जेट एक माप मोठा घ्या. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवतं, त्यामुळे पाइप आणि फ्लोटची नीडल नव्या प्रतीची टाका. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाका. कोकणातल्या पावसाळ्यात तर नक्कीच. जास्त ऑक्टेनच्या महाग पेट्रोलचा या इंजिनाला काही उपयोग नाही. याचं कॉम्प्रेशन सातास एकाच्याही खाली आहे.

ऑइलबद्दल थोडक्यात, कारण घोटाळे ठरावीकच आहेत. कोरड्या इंजिनात सुमारे सव्वादोन लिटर २०डब्ल्यू-५०, दर अडीच-तीन हजार किलोमीटरला बदल. बरेच दिवस उभ्या गाडीत ऑइल टाकीतून झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ते कमी दिसतं, माणूस वरून आणखी ओततो आणि मग धूर निघतो. इंजिन चालवून, पाच मिनिटं थांबून मगच पातळी बघा. फेल्टचा फिल्टर बदलताना स्प्रिंग आणि वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने बसवा (मोबाइलवर फोटो काढून ठेवा) आणि फिल्टरची पोकळी ऑइलने भरूनच झाकण लावा, नाहीतर बिग-एंड (क्रँकवरचं मोठं बेअरिंग) पहिली काही मिनिटं कोरडाच फिरतो. टायमिंग कव्हर उघडलं असेल तर आतला कॉर्कचा सील नवाच टाका. जुना सील बाहेरून बरा दिसला तरी ऑइलचा दाब तिथेच गळतो. डावीकडच्या चेनकेसमध्ये मोटारीचं ऑइल घालू नका. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी क्लच प्लेटा सुटायला लागतात.

ब्रेक ड्रम उघडलात तर धूळ फुंकून उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

लडाखला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. खारदुंगला सुमारे ५,३५० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो पेट्रोल जवळपास जुन्याच हिशोबाने देत राहतो आणि मिश्रण तीसेक टक्के घट्ट होतं. काळा धूर, काळा प्लग, चढावर दम तुटणं ही त्याची लक्षणं. इथेनॉलचा पातळपणा इथे थोडा उपयोगी पडतो, पण पुरत नाही. कार्बोरेटरच्या स्लाइडमधल्या नीडलची क्लिप एक खाच वर सरकवा म्हणजे नीडल खाली बसते, आणि गरज पडली तर मेन जेट एक-दोन माप लहान टाका. आणि उतरताना मनालीला पोचायच्या आधी हे सगळं परत पूर्ववत करा. डोंगरातलं सेटिंग ठेवून मैदानात उन्हात ऐंशीच्या वेगाने गाडी पळवली तर मिश्रण फार पातळ होतं, पिस्टन तापून बॅरलला घासतो आणि सीझ होतो. काढलेला मूळ जेट म्हणूनच कुठल्या तरी पिशवीत न टाकता टूलकिटमध्ये, हाताशी ठेवा.